भाच्यासाठी २५ हजारांत जुन्या पार्ट्सचा गेमिंग पीसी: ऑफिसचा डबा की असेंबल?

मामा_देवरुखकर

नमस्कार मंडळी. भाचा अकरावीला आहे, देवरुखला असतो. व्हॅलोरंट, जीटीए ५, माइनक्राफ्ट हे नीट चाललं पाहिजे, बाकी अभ्यास. ताईने २५ हजारांची मर्यादा घातली आहे, वर एक रुपया नाही. २२ इंची फुल एचडी मॉनिटर (मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही), कीबोर्ड, माउस घरात आहेत. मी पुण्यात, म्हणजे इथे जमवून तिकडे पाठवायचं.

ऑफिसांतून निघालेले डेलचे टॉवर (उभे डबे) दिसतायत. आय५-६५०० प्रोसेसरवाला ७ हजार, आय५-८५०० वाला १६ जीबी रॅमसकट ११ हजार. चार हजार जास्त मोजण्यात अर्थ आहे का? की सुटे पार्ट घेऊन असेंबल करू? ग्राफिक्स कार्डात जीटीएक्स १६५० आणि आरएक्स ५८० दोन्ही साडेसहाच्या आसपास सांगतायत. मायनिंगचं (क्रिप्टो नाणी कमावायला दिवसरात्र राबवलेलं) कार्ड ओळखायचं कसं, हेही सांगा.

बारा_व्होल्ट

८५०० घ्या, डोळे झाकून नाही पण घ्या. ६५०० मध्ये चार कोअर (काम करणारे भाग), चारच थ्रेड (एका वेळची कामं). जीटीएमध्ये गाडी जोरात पळवली की चारही कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि चित्र अडखळतं. कार्ड कितीही चांगलं टाका, हा अडखळा जात नाही. ८५०० मध्ये सहा कोअर आहेत.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून (८५०० तिच्यातला, ६५०० सहाव्या पिढीतला) पुढे चालतं. सहाव्या पिढीवर पळवाटा काढून टाकता येतं, पण पुढे कोणतं अपडेट अडेल याची खात्री नाही. पोरगं देवरुखला आणि तुम्ही पुण्यात, म्हणजे दर वेळी फोनवरून दुरुस्ती. नकोच ते.

ऑफिसच्या डब्याचा एक फायदा लोक विसरतात. विंडोज प्रोची की (लायसन्सचा नंबर) बहुतेक वेळा बायोसमध्येच (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असते. तीच आवृत्ती कोरी टाकली की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. पाचशे रुपयांच्या 'ओरिजिनल की'च्या नादी लागू नका.

आता कार्ड. तुमचं कार्ड डब्यातला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) ठरवणार, तुम्ही नाही. या टॉवरमध्ये साधारण २६० वॅटचा एसएमपीएस असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ६ किंवा ८ पिनची वायर बहुधा नसते. जीटीएक्स १६५० ची कमाल गरज ७५ वॅट, तेवढी थेट स्लॉटमधून (कार्ड बोर्डावर खोचतात त्या खाचेतून) मिळते. प्रोसेसर ६५, कार्ड ७५, बाकी सगळं ३०-४०, म्हणजे १८० च्या आत. निवांत. फक्त १६५० घेताना वरच्या कडेला पिनचा सॉकेट नाही ना ते बघा. काही कंपन्यांच्या मॉडेलना, विशेषतः जीडीडीआर६ मेमरीवाल्यांना, ६ पिन लागते.

पैशांची विभागणी: डबा ११, कार्ड साडेसहा, नवीन एसएसडीला (वेगवान डिस्कला) साडेतीन-चार, यूपीएसला अडीच. उरलेले पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधली), सीआर२०३२ सेल (बोर्डावरचं घड्याळ चालवणारा) आणि पार्सलला. एसएसडी जुनी घेऊ नका. आणि रॅम डब्यासोबतच घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की ८ जीबीचा 'स्वस्त' डबा शेवटी महागच पडतो. १६ जीबी म्हणजे ८ च्या दोन पट्ट्या आहेत ना, ते विचारा. एकच पट्टी असेल तर मेमरी एकाच चॅनेलवर चालते आणि गेममध्ये फ्रेम्स पडतात.

भंगारातून_सोनं

बाराव्होल्टराव, थोडं असहमत. आरएक्स ५८० त्याच पैशात ८ जीबी मेमरी देतं, १६५० मध्ये चारच. ताकदही सरळसरळ जास्त. एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड आणि ५८० असा संच जमवला तर पुढे बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येतो. डेलच्या डब्यात बदलणार काय? बोर्ड त्यांचा, एसएमपीएसचा मुख्य प्लग २४ पिनांचा नाही, पंख्याचा कनेक्टरही वेगळा. साधा पंखा लावला तर सुरू होताना पंखा बंद पडल्याची तक्रार करत एफ१ दाबायला लावतो.

विंडोज ११ ला रायझनची २००० मालिका चालते, पहिली १००० मालिका चालत नाही. विकणारे '२६०० सारखंच आहे' म्हणत १००० मालिकेतला १६०० गळ्यात मारतात, तेवढं सांभाळा.

मायनिंगचं विचारलंत. मायनिंग झालं म्हणून चिप मरतेच असं नाही. मरतात ते पंखे आणि सुकतात ते मेमरीवरचे (उष्णता बाहेर नेणारे) पॅड. खरी डोकेदुखी म्हणजे कार्डाचं बदललेलं बायोस. ५७० (५८० चं कमी ताकदीचं भावंड) आणि ५८० वर मायनिंगवाले मेमरीची सेटिंग बदलून बायोस पुन्हा लिहायचे. अशा कार्डावर एएमडीचा अधिकृत ड्रायव्हर बसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण राहतो. काही कार्डांवर कडेला बारीक स्विच असतो, तो सरकवला की दुसरं, मूळ बायोस सुरू होतं. खरेदीपूर्वी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेडर्सचा (चित्र काढणाऱ्या छोट्या कोअरचा) आकडा वाचा: खऱ्या ५८० वर २३०४. २०४८ दिसलं तर ते ५८० च्या नावाखालचं ५७० आहे, भाव त्याप्रमाणे पाडा.

बारा_व्होल्ट

५८० ताकदवान आहे, मान्य. पण ते एकटं १८५ वॅट ओढतं, आणि २५ हजारांच्या असेंबल संचात नेमका एसएमपीएसवरच हात आखडता घेतला जातो. कॅबिनेटसोबत येणाऱ्या '४५० वॅट'च्या एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलेलं असतं. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. कार्डाचंच भागत नाही, प्रोसेसर कुठून चालणार? मग गेम सुरू केला की मशीन खाडकन बंद, आणि दुकानदार म्हणणार 'विंडोज पुन्हा टाका'. ५८० घ्यायचंच तर १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास देणारा, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस नवीन घ्या. मोलेक्सच्या जुन्या चार पिनच्या प्लगपासून ८ पिन करणारी जोडणी वापरू नका, तिचा प्लग वितळतो. तेवढे पैसे घातले की मर्यादा ओलांडली.

आणि रायझन २६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड गेलं की पडदा काळा, अभ्यासही बंद. ८५०० मध्ये ते आहे. कार्ड दुरुस्तीला गेलं तरी प्रोजेक्ट टाइप करता येतं. ताईंच्या दृष्टीने हा मुद्दा जड आहे.

भंगारातून_सोनं

एसएमपीएसचं पटलं. २५ च्या आत असेल तर डबाच.

मामा_देवरुखकर

धन्यवाद दोघांना. आता एक नवीनच दिसलं: तोच ८५००, १६ जीबी, पण बारीक आडवा डबा, साडेनऊ हजार. विकणारा म्हणतो यात आरएक्स ६४०० चं छोटं कार्ड बसतं. घेऊ का?

बारा_व्होल्ट

नको. दीड हजार वाचतील आणि पुढचे सगळे रस्ते बंद होतील. बारीक डब्यात फक्त अर्ध्या उंचीची कार्डं बसतात, ती कमी मिळतात आणि महाग असतात. काही डब्यांत स्लॉटची वीजही ७५ वॅटपर्यंत जात नाही. ६४०० पन्नासेक वॅटच घेतं हे खरं, पण ते चार लेनवरच (डेटाच्या मार्गिका) चालतं आणि पीसीआय एक्सप्रेस ४ ही स्लॉटची पिढी धरून बनवलेलं आहे. ८५०० चा बोर्ड ३ वर चालतो, म्हणजे आधीच अरुंद रस्ता निम्मा होतो. मेमरी चार जीबीच, ती भरली की फरक लगेच दिसतो. टॉवरच घ्या आणि आतून स्लॉटपासून समोरच्या ड्राइव्हच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने मोजा. एक पंख्याचं १६५० साधारण १७ सेंमीचं असतं. दोन पंख्यांचं अडण्याची शक्यता जास्त.

पेनड्राइव्ह_खिशात

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली तापकीर गल्ली असो की कुणाच्या घरची विक्री, पैसे द्यायच्या आधी अर्धा तास मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. एका पेनड्राइव्हवर तपासणीचे प्रोग्रॅम: सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कसाठी), फरमार्क (कार्डावर ताण टाकायला), दुसऱ्यावर मेमटेस्ट८६ (रॅमसाठी).

मशीन चालू करताच एफ२ दाबून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. कंपनीच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड तसाच राहिलेले डबे बाजारात खूप येतात, आणि तो माहीत नसेल तर पुढे सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू करता येणार नाही. 'नंतर काढून देतो' हे ऐकायचं नाही. तारीख मागे गेलेली असेल तर घाबरू नका, सेल संपलाय एवढंच.

मग कार्ड. जीपीयू-झेडमध्ये नावाच्या आधी 'फेक' असं आलं तर विषय संपला. जुन्या चिपवर नवीन नाव चढवलेली कार्डं विकली जातात. खरं निघालं तर फरमार्क पंधरा मिनिटं. तापमान पहिल्या पाच मिनिटांत चढून स्थिरावलं पाहिजे. चढतच राहिलं आणि ८५ च्या पुढे गेलं तर पेस्ट सुकली आहे, दोनशे-तीनशे रुपयांचं काम, भावात धरा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन आले तर मेमरी गेली आहे, फुकटातही नको. कार्डावरचा प्रत्येक पोर्ट लावून बघा. पंखा बंद असताना बोटाने हलकेच फिरवा: खरखर लागली तर बेअरिंग संपलंय.

जुनी हार्ड डिस्क सोबत येत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ आणि सी५ या (खराब सेक्टरच्या) ओळींतला रॉ व्हॅल्यूचा रकाना बघा. शून्याशिवाय काहीही असेल तर तीवर अभ्यासाच्या फाइल ठेवू नका. मेमटेस्ट दुकानात पूर्ण होत नाही, घरी रात्रभर लावा. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी परत.

पेस्ट लावताना मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरे. हीटसिंकचे स्क्रू तिरपे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. एकच कोपरा आधी घट्ट केला तर पेस्ट एका बाजूला पळते.

अर्थिंग_तपासा

देवरुख म्हटलंत म्हणून हे सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला उलट्या हाताने स्पर्श केला आणि मुंग्या आल्या तर घरच्या प्लगला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत शिरतानाच दोन छोटे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगतं. करंट अगदी कमी, म्हणून झटका नाही, मुंग्याच. पण एचडीएमआयची वायर चालू मशीनमध्ये खोचताना हेच व्होल्टेज पोर्ट जाळू शकतं. वायरमनला बोलावून तिसरी पिन खरोखर अर्थला गेलीय का ते बघून घ्या. नुसता थ्री-पिन बोर्ड दिसला म्हणजे अर्थिंग असतं असं नाही.

यूपीएस ६०० व्हीए चालेल. त्यातून ३६० वॅटच मिळतात, पण तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून २०० च्या आसपास राहतील. सेव्ह करून बंद करण्याइतके मिनिटं, गेम संपवण्याइतकी नाहीत, हे पोराला आधीच सांगा. मे-जून आणि ऑक्टोबरच्या विजांत प्लग तर काढाच, ब्रॉडबँडची तांब्याची वायरही काढा. लॅन पोर्टमधून येणारा झटका यूपीएस अडवत नाही. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नका. रोज तासभर चाललं तर आत दमट राहत नाही.

एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने पाठवताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात. वाटेतल्या आंबा घाटात ते स्लॉटवर लोंबकळत जातं आणि स्लॉटच तडकतो.

मामा_देवरुखकर

टॉवर आणि १६५० दोन्ही घेतलं, सगळ्या चाचण्या पास. पण व्हॅलोरंट उघडत नाही, व्हॅन ९००३ ही एरर येतेय. विंडोज ११ दुकानदारानेच टाकून दिलंय.

बारा_व्होल्ट

विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बायोस मोडची ओळ वाचा. 'लेगसी' असेल तर दुकानदाराने जुन्या पद्धतीने विंडोज टाकलंय. बायोसमध्ये लगेच काही बदलू नका, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. आधी फाइलींचा बॅकअप, मग विंडोजमधलंच एमबीआर-टू-जीपीटी साधन (डिस्कची मांडणी जुन्यातून नव्यात बदलणारं), पहिल्यांदा फक्त तपासणीसाठी चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. रूपांतर झालं की एफ२, लेगसी बंद, यूईएफआय (नवी पद्धत) चालू, सिक्युरिटीत पीटीटी (इंटेलचं टीपीएम) चालू, सिक्युअर बूट चालू. एसएसडी नवीनच आहे, तर यूईएफआयमध्ये कोरं विंडोज टाकणं जास्त सोपं.

आणि एचडीएमआयची वायर खालच्या, कार्डाच्या पोर्टमध्येच आहे ना? वरच्या, बोर्डाच्या पोर्टमध्ये लावली तर गेम इंटेलच्या ग्राफिक्सवर चालेल आणि भाचा म्हणेल मामाने फसवलं.