सल्ला हवाय: झाल्मॉक्सिडी कुळातले हार्वेस्टमन ओळखायचे कसे?

पाचोळा: मंडळी नमस्कार, मी सध्या केर्न्सला असते (ऑस्ट्रेलिया). इथल्या पावसाळी जंगलात पालापाचोळा चाळताना तीन-चार मिमीचे तपकिरी हार्वेस्टमन (कोळ्यांसारखे दिसणारे पण कोळी नसलेले आठपायी जीव) सापडतायत, नराचे मागचे पाय जाडजूड नि काटेरी. झाल्मॉक्सिडी असावेत इथवर पोचले, पण पुढे जीनस (कुळातला जवळच्या जातींचा गट) कसा ठरवू? काय वाचू? पायाची पेरं मोजायला घेतलीत पण प्रत्येक नमुन्यात आकडा वेगळाच येतोय.

आठपाय: ताई, पेरं मोजणं आधी थांबवा! रोएवर या जर्मन अभ्यासकाने १९२३ च्या त्याच्या हार्वेस्टमनवरच्या ग्रंथात पेरांचे आकडे आणि पाठीवरचे काटे धरूनच सगळी विभागणी केली, त्यामुळे ढीगभर जीनस झाले, कित्येकांत तर एकच स्पीशीज (जात). त्याआधी सोरेन्सन या अभ्यासकाने १८८६ ला झाल्मॉक्सिस जीनस आणि त्यावरून कुळ केलं होतं पण रोएवरकडे ही मंडळी फॅलँगोडिडी या दुसऱ्या कुळाच्या गाठोड्यात गेली आणि ते गाठोडं सोडवायला पुढच्यांना अनेक दशकं लागली. आता भरवसा नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवर, ते काढून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, नुसत्या भिंगाने किंवा मोबाईलच्या फोटोवरून जीनस सांगेन म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वाचायला २००७ चं हार्वर्डचं हार्वेस्टमनवरचं जाडं पुस्तक घ्या, त्यात वर्गीकरणाच्या प्रकरणात प्रत्येक कुळावर वेगळा भाग आहे, मी तरी तिथूनच शिकलो. नावं तपासायला २०२० पासूनचा ऑनलाईन जागतिक कॅटलॉग.

रानवाट: +१. मला या कुळाचं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे जवळचे नातेवाईक, फिसिफॅलिडी वगैरे कुळं, सगळे अमेरिकेच्या उष्ण कटिबंधात. आपण म्हणणार गोंडवन (दक्षिणेकडचे खंड जोडलेले होते तो प्राचीन महाखंड) तुटलं तेव्हा वेगळे झाले असतील, पण शर्मा आणि गिरिबेत या संशोधकांनी २०१२ मध्ये डीएनएवरून दाखवलं की क्रेटेशियसच्या (डायनासोरांच्या युगातला शेवटचा कालखंड) उत्तरार्धात हे अमेरिकेतून तुमच्या बाजूला आले, म्हणजे समुद्र ओलांडून! एरवी हार्वेस्टमन दरीसुद्धा ओलांडत नाहीत हो. तो पेपर वाचाच. आणि नमुने नॅशनल पार्कातले असतील तर परवाना आधी घ्या.

पाचोळा: दोघांचे आभार. जागा मित्राच्या खाजगी जमिनीतली आहे, त्याची परवानगी आहे. सहा नर आहेत. सगळे ७०% अल्कोहोलमध्येच ठेवू का?

आठपाय: नको, दोन तरी ९५% मध्ये टाका, डीएनएला तेच लागतं. पाय कडक होऊन तुटतात त्यात, म्हणून मोजमाप नि जननेंद्रिय ७०% वाल्यांवर करा. चिठ्ठी कुपीच्या आतच, पेन्सिलने लिहिलेली, जागा, तारीख, उंची सगळं. मग ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड म्युझियमला लिहून बघा, त्यांच्याकडे कोळीवर्गाचा मोठा संग्रह आहे, शेजारी ठेवून बघण्यासारखं दुसरं काही नाही.