मदत हवी आहे: क्वांटम कॅस्केड लेझरचं ध्रुवीकरण आडवं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. ताळगाव पठारावर पीएचडीचं काम चालू आहे. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या पॉलिमरची फिल्म ताणताना रेणूंच्या साखळ्या किती एका दिशेला येतात, ते नायट्राइल गटाच्या शोषणावरून मोजायचंय. हे शोषण ४.४६ मायक्रॉनच्या आसपास येतं आणि तिथलाच क्वांटम कॅस्केड लेझर (अनेक पातळ थरांचा, अवरक्त प्रकाश देणारा अर्धवाहक लेझर) हाताशी आहे. उभं आणि आडवं, दोन्ही ध्रुवीकरणं (म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राच्या दिशा) हवीत.

घोडं इथेच अडलंय. या लेझरमध्ये इलेक्ट्रॉन वहनपट्ट्याच्याच (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याच्या) उपपातळ्यांमधून खाली उतरतो, त्यामुळे विद्युतक्षेत्र थरांना लंबच राहतं. चिप सपाट बसवलेली, म्हणजे प्रकाश कायम उभाच. करंट बदला, तापमान बदला, ढिम्म हलत नाही.

फिल्मच फिरव, असं कुणीतरी म्हणेलच. ती ताणयंत्राच्या चिमट्यांत आहे, ताण देता देताच मोजायचंय. लेझर कुशीवर करावा तर तो कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत. जुलैत इथे झाकण उघडलं की थंड माउंटवर पाणी धरलंच. ४५ अंशांत एक आणि पुढे आडवा एक असे वायर-ग्रिड पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवीकरण पुढे सोडणारी बारीक तारांची जाळी) लावले, तर फार तर पाव शक्ती हाती लागते. मॅग्नेशियम फ्लुओराइडची हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरण फिरवणारी स्फटिकाची चकती) चालेल, पण गाइड खर्चाला राजी नाहीत.

शिवाय पोलरायझर काटकोनात फिरवला तरी पॉवरमीटर शून्यावर येत नाही. ही गळती खरी मानायची का?

आरसेवाला: प्लेट राहू द्या. सोन्याचे दोन आरसे घ्या. पहिल्यानं किरण सरळ वर न्या, दुसऱ्यानं मूळ दिशेच्या काटकोनात बाहेर काढा. उभं ध्रुवीकरण आपोआप आडवं होतं, शक्तीही फारशी जात नाही. दोन्ही आरसे नीट ४५ अंशांत हवेत, तिरके बसले तर ध्रुवीकरणही तिरकं.

गळतीचं म्हणाल, तर किरण अडवून आकडा बघा. मीटरमध्ये थर्मोपाइल (उष्णतेवरून शक्ती मोजणारा सेन्सर) असेल तर त्याला खोलीची ऊबही दिसते. तुम्ही समोरून गेलात तरी काटा हलतो. चॉपर (किरण ठरावीक लयीत तोडणारी चकती) आणि लॉक-इन (फक्त त्याच लयीचा सिग्नल मोजणारं यंत्र) लावल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

धागाकर्ता: किरण अडवला तरी आकडा जवळपास तोच! म्हणजे बहुतेक ऊबच मोजत होतो. आरशांचं पटलं, पण उभ्या ध्रुवीकरणाची वाट खालच्या उंचीवर राहते. दोन्ही किरण फिल्मच्या एकाच ठिपक्यावर कसे आणू?

आरसेवाला: उभ्यासाठीही वर चढवाच. फक्त वरच्या आरशानं किरण मूळ दिशेलाच सोडा आणि पुढे तिसऱ्या, सपाट वळवणाऱ्या आरशानं काटकोनात फिरवा. उंची तीच राहील. फिल्मच्या आधी दोन आयरिस (लहानमोठं करता येणाऱ्या भोकाचे पडदे) कायमचे ठोकून ठेवा, दोन्ही वाटा त्यांतूनच जुळवा.