'स्मेताना'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका : बीफ स्ट्रोगानॉफची (गोमांसाच्या रश्श्याची) रशियन कृती मराठीत आणतेय. 'स्मेताना'ला मी 'आंबट साय' लिहिलं, संपादकांनी त्याचा 'चक्का' केला. तुम्ही काय लिहाल?

विरजण : चक्का अजिबात नको. त्यात स्निग्धांश कमी, प्रथिनं जास्त. उकळत्या रश्श्यात पडला की फुटतो, कणी होते. स्मेताना म्हणजे विरजलेलं क्रीम. तेही 20 टक्के स्निग्धांशाचं असेल तर रटरटवायचं नाही. गॅस बंद करा, दोन पळ्या गरम रस्सा आधी स्मेतानात कालवा आणि मग ते मिश्रण पातेल्यात ओता. 30 टक्क्यांच्या वरचं 'क्रेम फ्रेश', म्हणजे फ्रेंचांचं विरजलेलं क्रीम, मात्र उकळी सोसतं.

लोणकढी : मग 'विरजलेली साय' लिहा की! लोण्यासाठी घरोघरी साय साठवून विरजतात, ती हीच.

जुनीपोथी : हीच नव्हे. साय तापवलेल्या दुधावर धरते, क्रीम यंत्राने वेगळं काढतात. सायीचं खरं भावंड इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं क्लॉटेड क्रीम. तेही तापवूनच करतात, स्निग्धांश किमान 55 टक्के.

विरजण : बरोबर, पण स्वयंपाकात साय चालते. वाटीभर सायीला चमचाभर ताजं दही लावून आठ तास ठेवा. पापुद्र्याचे तुकडे राहतात, म्हणून बारीक चाळणीतून डावाने दाबून गाळा. मिक्सरला लावलीत तर लोणी येईल.

अनुवादिका : पण 'आंबट' का खटकतं? आंबट वरण चालतं ना?

जुनीपोथी : वरणाला आंबटपणा आपण देतो. दूध, साय, दही 'आंबट झालं' म्हणजे बिघडलं. वाचक ती साय टाकून देईल. शिवाय 'स्मेताना'च्या मुळाशी झाडून गोळा करणं आहे, आंबटपणा नाही. वरचं गोळा केलेलं ते स्मेताना. म्हणजे साय काढणंच!

लोणकढी : म्हणजे 'साय' ठेवायला तुमच्याच व्युत्पत्तीचा आधार मिळाला. 'मलई'चंही तेच. लखनौत तिला 'बालाई' म्हणतात, फारसी 'बाला' म्हणजे वरचा.

जुनीपोथी : व्युत्पत्तीवरून पदार्थ ठरत नाही. रशियन शब्द तसाच ठेवून खाली एक ओळ टीप द्या.

लोणकढी : 'चीज' तसंच ठेवलं, 'सॉस' तसाच ठेवला, आता स्मेतानाही? आणि मलई नि साय एकच धरायची का? नातवंडांना 'दुधावरची साय' म्हणतो, 'दुधावरची मलई' कुणी म्हणत नाही.

विरजण : मलई बर्फीतली, कुल्फीतली, साय घरच्या पातेल्यातली. विदर्भातल्या मंडळींनी सांगा, तिकडे घरातही 'मलई'च म्हणतात का?