अर्धं वचन: तुमचेही अनुभव लिहा

गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये मत्तय 4 घेत होते, सैतान येशूला मोहात पाडायला बघतो तो अध्याय. दुसरीतला एक पोरगा म्हणाला, "टीचर, सैतानाला वचन पाठ आहे? मग त्याला पण स्टार देणार?" वर्ग खिदळला. सैतान तिथे स्तोत्र 91 म्हणतो, मी घरी येऊन ते काढलं. मूळ ओळीत दूतांनी 'तुझ्या सर्व मार्गांत' रक्षण करायचं आहे. मंदिराच्या टोकावर 'खाली उडी मार, दूत तुला झेलतील' म्हणताना सैतान नेमके तेवढे शब्द गाळतो. पुढच्या ओळीत सिंह आणि नाग पायांखाली तुडवले जातात, तिथवर तर तो जातच नाही. कशाला जाईल!

येशू 'हे वचन खोटं' असं म्हणत नाही. तो बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 6:16 काढतो, परमेश्वराची परीक्षा पाहू नको, "असाही शास्त्रलेख आहे." त्या 'ही'वर मी अडकले. असं कापलेलं वचन कुणी तुमच्यावर चालवलंय का? किंवा तुम्ही स्वतःवरच? मंडळीचं, पाळकसाहेबांचं नाव नको, काय झालं तेवढं लिहा.

वसईकरीण:
आमच्याकडे उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी मोहाचंच शुभवर्तमान असतं. 2021 सालीही ऐकलं होतं, आणि तरी त्याच एप्रिलमध्ये मी फसले. आमच्या प्रार्थनागटात स्तोत्र 91 चं फॉरवर्ड फिरत होतं, 'कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही.' खाली कुणीतरी जोडलेलं, मास्क म्हणजे अविश्वास. एका घरात बावीस जणं, खिडक्या बंद, कारण शेजारी तक्रार करतील. मला खोकला होता. "दूत झेलतील गं," एक मावशी म्हणाल्या. अगदी तेच वाक्य! तेव्हा कानाला खटकलंसुद्धा नाही.

पप्पा अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. परत आले, पण जिन्यात अजून मध्येच थांबतात. स्तोत्रावर माझा राग नाही, रात्री तेच म्हणून झोपते. फॉरवर्ड मात्र न वाचता डिलीट.

मुसळवाला:
माझं छोटंसं आहे. मोबाईलवर रमी खेळताना बायकोने पकडलं की मी मत्तय 7:1 काढायचो, "न्याय करू नका." दोन-तीन वेळा खपलं. मग तिने पुढच्या ओळी वाचल्या. म्हणाली, "बरं, कुसळ माझं. तुमच्या मुसळाचे सतरा हजार कोण फेडणार?"

नगरचा एक:
टीचर, तुमच्या 'परीक्षा पाहू नको'ने सगळीकडे भागत नाही हं. मलाखी 3:10 मध्ये देव स्वतःच म्हणतो, दशमांश, म्हणजे दहावा भाग, भांडारात आणा आणि माझी प्रचीती पाहा. मला तेच वचन दाखवलं होतं. आकाशकपाटं उघडून आशीर्वाद बरसेल म्हणून पतपेढीतून चाळीस हजार उचलले आणि पाकिटात घालून दिले. हप्ते तीन वर्षं फेडले. नंतर सावकाश वाचलं तर त्याच ओळीत होतं, 'माझ्या मंदिरात अन्न असावे म्हणून.' म्हणजे भांडार धान्याचं! अनुवाद 14:29 मध्ये तर खाणाऱ्यांची यादीच आहे, लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ, विधवा. दशमांश हातात आलेल्या पिकाचा होता, कर्ज काढून आणलेल्याचा नव्हे. आमच्या भांडाराचे दोन मोठे स्पीकर झाले. आवाज चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

मिरजेची, नर्स:
दादांनी मलाखी उघडलाच आहे तर एक पान मागे या. 2:16. 'देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे.' सूटपत्र म्हणजे घटस्फोट. हे मला नऊ वर्षं ऐकवलं. आधी सासूबाईंनी, मग पाळकसाहेबांनी, मग माझ्या सख्ख्या आईने. त्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. रात्री कोपराला बर्फ लावताना मीच मला ते म्हणायचे. बरं वाटायचं त्यात. मार खाणारी नव्हे, देवासाठी सोसणारी. माझा मोह तो होता. उडी मारायचा नाही, पडून राहायचा.

आता मुलीला घेऊन वेगळी राहते, दोन वर्षं झाली. पण ते नंतरचं.

आमच्या वॉर्डात एक सीनियर सिस्टर होत्या, रिटायरमेंटला चार महिने राहिलेल्या. नाइट ड्यूटीला मी हेच वचन म्हणाले तर म्हणाल्या, "पुढे?" मला पुढचं येत नव्हतं. त्यांनी पर्समधून जुनं बायबल काढलं, चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं. वाक्य तिथे संपतच नाही. जो आपलं वस्त्र जुलमाने झाकतो, त्याचाही तिटकारा आहे. हिब्रू इथे अवघड आहे, भाषांतरं वेगवेगळी होतात, हे मी नंतर वाचलं. जुलूम मात्र त्या वचनात आहेच.

सिस्टर काही बोलल्या नाहीत. माझ्या बाहीकडे बघत राहिल्या. मे महिना होता, आणि मी मनगटापर्यंत स्वेटर घातला होता.