किचनसाठी लाकडी स्टूल घरीच करायचंय, पाय कसे जोडू?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. आईची उंची कमी आहे, ओट्यावरच्या कपाटातली वरची फळी तिच्या हाताला येत नाही, मग ती प्लास्टिकच्या स्टुलावर चढते आणि ते स्टूल असं वाकतं की मला बघूनच धडकी भरते. म्हणून एका पायरीचं साधं लाकडी स्टूल घरी करायचं म्हणतेय, साधारण 9-10 इंच उंच. ड्रिल मशीन आहे, करवत आहे, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणेन. रंधा चालवता येत नाही. लाकूड कुठलं घेऊ, प्लाय चालेल का, आणि पाय नुसते स्क्रूने जोडले तर माणसाचं वजन पेलतील का?

रंधा_पटाशी
ताई नक्की करा, पण चार सुटे पाय लावू नका, ते सांधे पक्के बसवायला सुताराचा हात लागतो. त्याऐवजी दोन उभ्या फळ्यांचेच पाय करा. 6 सूत (पाऊण इंच) जाडीची फळी घ्या, वरचा भाग 16 बाय 10 इंच, पाय प्रत्येकी 10 इंच रुंद आणि 9 इंच उंच. वरची फळी पायाच्या बाहेर दोन्हीकडे 1 इंचच ठेवा, जास्त नको, कारण टोकावर पाय पडला की स्टूल उलटतं. दोन्ही पायांच्या मधे, वरच्या फळीला खालून चिकटून, 3 इंच रुंद आणि साडेबारा इंच लांब आडवी पट्टी कडेवर उभी, म्हणजे 3 इंचाची बाजू वरून खाली येईल अशी बसवायची. हे सगळ्यात महत्त्वाचं. ती पट्टी नसेल तर स्टूल डुलतं आणि दर डुलण्याला स्क्रू थोडा थोडा सैल होत जातो, बाजारातली बरीच स्टुलं त्यामुळेच खिळखिळी होतात.

आणि सलग लाकूड घेतलंत तर पायांमधे लाकडाच्या रेषा वरून खाली उभ्याच यायला हव्यात. आडव्या आल्या तर पाय रेषेवरून चिरतो, मग स्क्रू कितीही मोठा असू दे.

वखारवाला
वरचं सगळं बरोबर, फक्त स्क्रूबद्दल सांगतो. वरून मारलेला स्क्रू पायाच्या कापलेल्या टोकात जातो, म्हणजे रेषांच्या दिशेनेच, आणि तिथे लाकूड त्याला नीट धरत नाही. म्हणून आतल्या कोपऱ्यात एक इंचाची चौकोनी पट्टी लावा, तिच्यातून काही स्क्रू वरच्या फळीत, काही पायात, सोबत फेविकॉल. पट्टीतले स्क्रू सव्वा ते दीड इंचीच घ्या, दोन इंची घेतले तर टोक पलीकडे निघेल. वरून मारायचे ते 8 नंबरचे दोन इंची. आधी 3 एमएमच्या बिटने भोक पाडायचंच, नाहीतर कडेजवळ फळी चिरते.

प्लाय चालतो, पण सिंकजवळ राहणार असेल तर 710 नंबरचा (पाण्यात टिकणारा) घ्या, साधा 303 नंबरचा नको, तो पाण्याने फुगतो. तुमच्यासाठी प्लायच बरा, दुकानदार मापात कापून देतात आणि रंध्याचं कामच उरत नाही. सलग सागवान हवं असेल तर जुन्या चाळी-वाड्यांच्या दारांच्या फळ्या बघा, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड असतं. फक्त त्यातले खिळे सगळे काढा, करवतीचे दात जातात. आणि सागवानाला कोपऱ्यातली पट्टी लावाल तेव्हा तिला फेविकॉल नको, मधला स्क्रू घट्ट आणि कडेची भोकं जरा लांबट ठेवा, पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते तेव्हा तिला जागा लागते.

मोगरा७
एवढं सगळं कशाला, घरात चौरंग असेलच की.

रंधा_पटाशी
चौरंग बसायला आणि पूजेला असतो हो. पाय कडेला नसतात बऱ्याचदा, वरून गुळगुळीत पॉलिश, त्यावर ओल्या पायाने उभं राहणं धोक्याचं आहे. वयस्कर माणूस पडला तर खुब्याचं हाड जातं. कृपया असं कुणाला सुचवू नका.

सायली_ठाणे
खूप आभार दादा, प्लायच घेते. अजून एक, आमच्या टाइल्स अगदी सपाट नाहीत, फळीचे पाय डगमगणार नाहीत का? आणि वरून पॉलिश करू का?

वखारवाला
डगमगतील, म्हणून पायाच्या खालच्या कडेला मधोमध उलटा व्ही कापून टाका, 5 इंच रुंद आणि 2 इंच खोल, करवतीचे दोन सरळ काप पुरतात. मग स्टूल चार कोपऱ्यांवर टेकतं. नंतर ओट्याच्या सपाट दगडावर ठेवून बघा, एक कोपरा उचलला जात असेल तर त्याच्या शेजारचा कोपरा सँडपेपरवर जरा घासा आणि पुन्हा बघा, आणि सगळं झाल्यावर चारी कोपऱ्यांना खालून रबरी बुश लावा.

पॉलिश बाजूंना करा, कडांना तर जरूर करा कारण प्लायच्या कडेतूनच पाणी शिरतं. वरती चकचकीत काही नको, जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती खरखरीत ग्रिप टेप चिकटवा. फेविकॉल लावल्यावर 24 तास कुणी चढू नका, आणि आईंच्या आधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला उभं करून बघा. माळ्यावरचं काढायला मात्र शिडीच, हे स्टूल नाही.