नवऱ्याची एचपीव्ही टेस्ट गोव्यात कुठे होते?

अबोली_फोंडा: मदत हवी आहे. माझा रिपोर्ट आला, सीआयएन २, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींत कॅन्सरच्या आधीचा मध्यम बदल. हे ज्या विषाणूने होतं त्या एचपीव्हीची टेस्ट आता नवऱ्याची करायची आहे. फोंडा, पणजी, मडगाव कुठेही चालेल. करावी का ते विचारत नाही, कुठे होते तेवढंच सांगा. लॅबमध्ये फोन केला तर पलीकडची मुलगी हसते.

मांडवीकाठ: रिपोर्ट पॅपचा (पेशी पुसून घेतात तो) की बायोप्सीचा (तुकडा काढून तपासतात तो)? वय? विषाणूचा टाइप लिहिलाय का?

अबोली_फोंडा: बायोप्सीचाच, सीआयएन आणखी कशात येणार? कुठे होते ते सांगा ना.

डिचोलकर: एका लॅबने 'गुप्तरोग पॅकेज' म्हणून माझं रक्त काढलं. पैसे भरल्यावर कळलं, त्यात एचपीव्ही नाहीच. हा विषाणू कातडीत राहतो, रक्तात सापडत नाही.

सिस्टर_बांबोळी: अगो बाय, पुरुषांसाठी मान्यता मिळालेली टेस्टच नाही. किट असतात ते गर्भाशयमुखाच्या नमुन्यासाठी. स्वॅब घेऊन निगेटिव्ह आली तरी त्यावर विसंबता येत नाही, पॉझिटिव्ह आली तरी विषाणूवर औषध नाही. तुझी ट्रीटमेंट आहे तीच राहते. वय सांग. पंचविशीच्या आत असशील तर डॉक्टर कधी कधी थांबून बघतात. सीआयएन २ जवळजवळ निम्म्या बायकांत दोनेक वर्षांत आपोआप उतरतं.

वाळपईचा_बाबू: दोघांनी एकदम औषध घेतल्याशिवाय हे जात नाही. आमच्या वैद्यांच्या काढ्याने वहिनीला गुण आला.

सिस्टर_बांबोळी: निम्म्यांचं आपोआप उतरतं म्हणून वर लिहिलंय, वहिनी त्यातल्याच असतील. नवऱ्याला गुप्तांगावर चामखीळ असेल तर ती काढतात. पण ती बहुतेक ६ आणि ११ टाइपची, कॅन्सरकडे नेणारे १६, १८ वेगळे.

वाळपईचा_बाबू: तुम्ही अॅलोपॅथीवाले असंच बोलणार.

पर्वरीची_आई: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सीरमची एचपीव्हीची लस, सर्व्हाव्हॅक, मुलग्यांना चालते का?

मांडवीकाठ: चालते, ९ ते २६ वयात मुलगे-मुली दोघांना. पुण्याचीच, २०२३ मध्ये आली. पण ताई, धागा दुसऱ्याचा आहे.

अबोली_फोंडा: वय ३४, एक मुलगी. डॉक्टरांनी लीप (तारेने बिघडलेला भाग काढतात ते) करायला सांगितलंय. आणि खरं विचाराल तर त्याने हे कुठून आणलं ते मला बघायचंय. लग्नाला नऊ वर्षं झाली.

मांडवीकाठ: ते कुठलीच टेस्ट सांगणार नाही. हा अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. लग्नाआधीचा असेल. त्याचा किंवा तुमचा.

अबोली_फोंडा: माझा??

सिस्टर_बांबोळी: बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, त्यावरून घरात भांडण काढू नको. लीपनंतर डॉक्टर सांगतील तोवर, साधारण महिनाभर, संबंध नको. पुढे निरोध वापरा. सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट तुझीच होईल, ती चुकवू नको. सिगरेट ओढतेस?

अबोली_फोंडा: मी नाही. तो ओढतो.

सिस्टर_बांबोळी: मग त्याला टेस्टऐवजी ती सोडायला सांग.

डिचोलकर: त्या पॅकेजचे पैसे परत मिळतात का, कुणाला अनुभव?