मदत हवी आहे: एमआरआय रिपोर्टचा मराठीत अर्थ सांगा

तूरडाळ: रिपोर्ट काल मिळाला, डॉक्टर थेट सोमवारी. लिहिलंय: 'एल४-एल५ डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅक इंडेंटेशन, लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस.' ऑपरेशन लागेल का? लवकर सांगा.

वाटाड्या: वय? दुखतं कुठे, कमरेत की पायात?

गोदाकाठ: ऑपरेशनच्या नादी लागूच नका! आमच्याकडे एक जण मणक्यांमधली सरकलेली गादी हाताने बसवतात. मेव्हणा आठवड्यात उभा राहिला.

वाटाड्या: गादी म्हणजे कॅरमची सोंगटी नव्हे हो, ढकलून जागेवर जायला.

गोदाकाठ: अनुभव आहे, ऐकीव नाही.

तूरडाळ: वय ४१. उजव्या पोटरीतून अंगठ्यापर्यंत मुंग्या. आता सांगाल का?

सांधेजोड: एल४-एल५ म्हणजे कमरेचा चौथा-पाचवा मणका, डिस्क म्हणजे त्यांच्यामधली गादी. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी झालंय, म्हणून चित्रात ती काळपट दिसते. बल्ज म्हणजे तिचा घेर कडेबाहेर आलाय. फाटून गर बाहेर आला असता तर एक्स्ट्रूजन लिहिलं असतं. नसांभोवतीच्या पिशवीला ती टेकलीये, ते इंडेंटेशन. लॉर्डोसिस म्हणजे कमरेचा बाक. स्नायू आखडले की तो सपाट दिसतो. काहीही दुखत नसलेल्यांचे स्कॅन काढले तरी चाळिशीत साधारण निम्म्यांना बल्ज सापडतो. नर्व्ह रूटबद्दल काही लिहिलंय?

तूरडाळ: आहे की. 'अबटिंग राइट ट्रॅव्हर्सिंग एल५ नर्व्ह रूट'. खाली होतं म्हणून टाकलं नाही.

सांधेजोड: अहो, मुख्य तेच! अंगठ्याकडे जाणारी नस ती. अबटिंग म्हणजे गादी नसेला टेकलीये, कम्प्रेशन म्हणजे दाबतेय. पायाची ताकद कळायला सांगा, टाचांवर चालता येतं का?

बुलेटवाला: मशीनच्या चुंबकाची ताकद किती टेस्ला? दीडचं असेल तर तीनवर परत काढा.

वाटाड्या: कशाला? कमरेला दीड पुरतं. उगाच पैसे घालवायला लावू नका.

तूरडाळ: टाचांवर चालता येतंय. पण ऑपरेशनचं कुणीच बोलेना.

सांधेजोड: ते पाय तपासून ठरतं, नुसत्या कागदावरून नाही. ताकद शाबूत असेल तर बहुतेकांचं औषध आणि व्यायामावर काही आठवड्यांत निवळतं. मात्र लघवी अडली, जांघा बधिर झाल्या किंवा पाऊल उचलेना, तर सोमवारची वाट बघू नका, तडक इस्पितळात जा.

बुलेटवाला: माझ्या मानेत सी५-सी६ आलंय. इथेच टाकू?

वाटाड्या: नवा धागा काढा. आणि वय लिहा.